उपविजेत्या

"दार लोटून घ्या, मॅडम," प्राचार्य नलवडे म्हणाले.

मी दार लोटलं. शुक्रवारची दुपार होती, बाराचा तास नुकताच सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमच्या मुलींची खो-खोची फायनल होती. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत आमचं कॉलेज फायनलला जायची ती पहिलीच वेळ. मला वाटलं, सर शाबासकी द्यायला बोलावतायत.

तशी त्यांनी दिलीही. "अभिनंदन. त्या शहरातल्या कॉलेजला हरवलंत म्हणे सेमीफायनलला. बसा ना."

मी बसले. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. सुट्टी पडली की पगार नाही, आणि दर सत्राला पुन्हा नव्यानं अर्ज.

"उद्या जिंकलो तर पुढं काय असतं?" सरांनी विचारलं.

"आंतरविभागीय स्पर्धा, सर. चार दिवसांची. तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडतात."

"खर्च?"

मी कागद बरोबर नेला होता. "छत्तीस हजार होतील. बारा मुली आणि मी. जाण्यायेण्याचं भाडं, राहणं, जेवण. आणि टी-शर्ट दोन-दोन लागतील. आत्ता एकेकच आहे, पोरी रोज धुऊन घालतात."

सरांनी कागद घेतला, वाचला, परत वाचला. आमचं कॉलेज लहान होतं. चारशे मुलं, माणशी साठ रुपये जिमखाना फी. त्यातच क्रिकेटचं, व्हॉलीबॉलचं, कबड्डीचं, सगळ्यांचं सामान यायचं.

"जिमखान्यात आज नऊ हजार आहेत, मॅडम." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एक सांगू? उपविजेतेपदसुद्धा काही कमी नसतं. करंडक मिळतो. पेपरात फोटो येतो. कॉलेजचं नाव व्हायचं ते होतंच."

"सर, पण मुलींना मी असं कसं..."

"मी कुठं काय म्हणालो? मी आपलं सांगतोय. पोरींना जपा, एवढंच."

मी उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "तुमचा पुढच्या सत्राचा अर्ज आलाय माझ्याकडं. बघू."

बाहेर येऊन मी बराच वेळ जिमखान्याच्या खोलीत बसून राहिले. सरांनी मला हरायला सांगितलं होतं का? की नुसतं बोलले होते? एकेक वाक्य आठवून बघितलं तर कुठल्याच वाक्यात तसं काही नव्हतं. सगळी मिळून बघितली तर दुसरं काहीच नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही.

शनिवारी यजमान कॉलेजच्या मैदानावर माणसं जमली होती. समोरचा संघ त्यांचाच, म्हणजे आरडाओरडा सगळा त्यांच्या बाजूचा. आमच्याकडून मी, बारा पोरी, आणि ऑफिसमधले बिरनाळे भाऊसाहेब, जे प्रवासखर्चाच्या पावत्या गोळा करायला आले होते.

आमच्या संघाची खरी ताकद सारिका व्हनमाने. मेंढपाळाची मुलगी, सडपातळ, उंच. संरक्षणाला उतरली की अडीच-तीन मिनिटं सहज पळायची. समोरच्या पोरी दमून जायच्या, मग आमच्या बाकीच्यांचं काम सोपं व्हायचं. तिला पोलिसात जायचं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता येतो, हे तिनं कुठून तरी ऐकलं होतं आणि मला दहा वेळा विचारून खात्री करून घेतली होती.

सामना चार पाळ्यांचा, प्रत्येक पाळी नऊ मिनिटांची. पहिल्या पाळीत आम्ही पाठलाग करून त्यांच्या नऊ जणी बाद केल्या. त्यांनी आमच्या आठ केल्या. तिसऱ्या पाळीत आम्ही पुन्हा पाठलागाला, आणि सात मिळवल्या. सोळा-आठ. शेवटच्या पाळीत त्यांना जिंकायला नऊ गडी हवे होते. सारिका पळणार म्हटल्यावर ते अवघड होतं.

पण तिसरी पाळी संपता संपता सारिकानं खांबाजवळ सूर मारला. गडी मिळाला, पण ती उठली ती एका पायावर.

मी धावले. तिला कडेला बसवून मोजा काढला. उजवा घोटा सुजायला लागला होता.

"दुखतंय?"

"न्हाई वो."

"उभी राहा बघू."

ती उभी राहिली. दोन पावलं चालली, तिसऱ्याला चेहरा आवळला आणि लगेच सोडला. "पट्टी बांधा घट्ट. उतरते की मी. एवढी एक पाळी काढते."

मधल्या सुट्टीची चार मिनिटं राहिली होती. यजमान कॉलेजचा एक शिक्षक बर्फ घेऊन आला. डॉक्टर नव्हता. बाकीच्या पोरी गोल करून उभ्या होत्या.

"मॅडम, पळू दे तिला," संघाची कॅप्टन म्हणाली. "पहिल्या तिघींत नको, शेवटच्या तिघींत ठेवू. तवर बरं वाटंल."

मी घोट्याकडे बघत होते.

"नको," मी म्हणाले. "सारिका बसेल. तिच्या जागी सुवर्णा."

"मॅडम!" सारिका ओरडलीच. "माझा पाय मला कळतो!"

"बस म्हणाले ना."

सुवर्णा ऐवळे ही आमची राखीव खेळाडू. बुटकी, लाजरी, सरावाला कधी न चुकणारी. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली होती. मी तिला शेवटच्या तिघींत टाकलं.

शेवटची पाळी सुरू झाली. पहिल्या तिघी दोन मिनिटांत गेल्या. दुसऱ्या तिघींनी झुंज दिली, पण पाच मिनिटं चाळीस सेकंदांना त्यांतली शेवटची बाद झाली. सोळा-चौदा. मग सुवर्णाची तुकडी आत गेली. एक बाद, पंधरा. दुसरी बाद, सोळा-सोळा. आता मैदानात एकटी सुवर्णा आणि एक मिनिटाच्या आसपास वेळ.

ती पळाली. खरं सांगते, ती जशी पळाली तशी मी तिला कधी पळताना बघितली नव्हती. खांबाला वळसा घालून, बसलेल्या पोरींच्या साखळीतून, दोन वेळा तर समोरच्या पोरीचा हात तिच्या पाठीवरून वीतभर अंतरानं गेला. आमच्या पोरी सेकंद मोजायला लागल्या. तीस. वीस. बरोबरी झाली असती तर जादा डाव मिळाला असता.

बारा सेकंद राहिले होते तेव्हा तिचा पाय घसरला, आणि पाठलाग करणारीचा हात तिच्या खांद्याला लागला.

सतरा-सोळा. आम्ही एका गुणानं हरलो.

सुवर्णा तिथंच मातीत बसली. आमच्या पोरी सारिकाभोवती जमल्या, कारण सारिका मोठ्यानं रडत होती. मी सारिकाजवळ गेले. सुवर्णाजवळ कोण गेलं, मला आठवत नाही.

दुपारी मी सारिकाला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला. "मोडलं नाही काही. लिगामेंट ताणलंय. तीन आठवडे आराम."

"डॉक्टर, ही अजून एक पाळी खेळली असती तर?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "काही झालंही नसतं. किंवा फाटलं असतं आणि वर्षभर घरी बसली असती. हे कुणी सांगू शकत नाही."

सारिकानं हे ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "मॅडम, मी वरडले तुमच्यावर. मनात ठिवू नका."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी मी ऑफिसात पावत्या द्यायला गेले. बिरनाळे भाऊसाहेबांनी त्या एकेक करून टाचल्या, मग ड्रॉवर उघडून एक चेक काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर दोन आडव्या रेघा मारून लाल शाईनं 'रद्द' लिहिलं होतं. चेक माझ्या नावाचा होता. रुपये छत्तीस हजार. तारीख शुक्रवारची.

"हे काय?"

"आंतरविभागीयची उचल. शुक्रवारी दुपारी साहेब स्वतः संस्थेच्या अध्यक्षांच्या दुकानावर जाऊन सही घेऊन आले."

"शुक्रवारी? किती वाजता?"

"तीनच्या सुमारास. का?"

म्हणजे माझ्याशी बोलल्यावर दोन तासांनी. "मग मला का नाही सांगितलं?"

"जिंकल्यावर सांगू म्हणाले. आधी कळलं तर पोरींवर दडपण येतं." भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण मॅडम, एक सांगतो. जिमखान्याच्या खात्यात नऊच हजार आहेत."

"मग हा चेक वटला कसा असता?"

"ते आता कशाला? रद्द झाला की."

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. ते मला बघून उभे राहिले. "अरेरे, मॅडम, एका गुणानं! रात्रभर झोप नाही मला."

"सर, शुक्रवारी तुम्ही म्हणाला होतात, उपविजेतेपदसुद्धा कमी नसतं."

"म्हणालो होतो ना. तुम्ही फार ताणाखाली दिसत होतात. म्हटलं, जरा धीर द्यावा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो चेहरा खोटं बोलणाऱ्या माणसाचा नव्हता. शुक्रवारीसुद्धा तो तसाच होता.

"व्हनमानेला बसवलंत ते योग्य केलंत," ते म्हणाले. "पोरीचा पाय महत्त्वाचा. मी संस्थेला तसं कळवलंय."

पुढच्या सत्राला माझा अर्ज मंजूर झाला. का झाला, हेही मला कधी कळलं नाही. दरवर्षी होतच होता. पेपरात फोटो आला, त्यात मी मधोमध करंडक धरून उभी आहे. वर्षभरानं मला एका हायस्कूलमध्ये कायमची नोकरी लागली आणि मी कॉलेज सोडलं. नलवडे सर निवृत्त झाल्यावर एकदा लग्नात भेटले, जेवणाच्या पंगतीत. मी विचारणार होते. त्यांनी मला जिलबीचा आग्रह केला आणि तो क्षण गेला.

हे सगळं मी कदाचित असंच सोडून दिलं असतं. पण पंधरा वर्षांनी, मागच्या डिसेंबरात, मी शालेय स्पर्धेला पंच म्हणून निघाले होते. तालुक्याच्या स्टँडवर एसटीत बसले. खाकी गणवेशातली कंडक्टर तिकीट फाडत मागून पुढं येत होती. माझ्यापाशी आली आणि थांबली.

"मॅडम! वळखलं का?"

आवाजावरून ओळखलं. सारिका व्हनमाने. अंगानं भरली होती, पण उभं राहायची ढब तीच.

"अगं, तू! पोलिसात जाणार होतीस ना?"

"तिथं न्हाई जमलं. हितं जमलं. बारा वर्सं झाली." तिनं मला बायकांच्या सवलतीचं अर्धं तिकीट दिलं, बाकीच्या माणसांची तिकिटं उरकली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन टेकली. नवरा वर्कशॉपमध्ये, दोन मुली, थोरली सातवीत आणि खो-खो खेळते. हे सगळं तिनं भराभर सांगितलं. मग म्हणाली, "मी पोरींना तुमचंच सांगत असते. आमच्या मॅडमनी फायनल सोडली पर माझा पाय वाचीवला. आज चालत्या गाडीत दिवसभर हुभी राहते, ती त्या पायावर."

बाहेर उसाचे ट्रॅक्टर ओळीनं चालले होते. मला वाटलं, हसून मान हलवावी. या पंधरा वर्षांत कधीही भेटली असती तर मी तेच केलं असतं.

"सारिका, मला माहीत नाही मी तुला का बसवलं."

"म्हंजे?"

मी सांगितलं. प्राचार्यांची केबिन, छत्तीस हजार, नऊ हजार, उपविजेतेपद, माझा अर्ज. "तुझ्या घोट्याकडे बघत होते ना मी, तेव्हा सूज दिसत होती हे खरं आहे. पण त्याच वेळी डोक्यात छत्तीस हजार होते. मनात आलं, ही बसली तर सगळं आपोआप सुटेल. आणि मग मी 'नको' म्हणाले. पायासाठी म्हणाले की त्याच्यासाठी, हे मला तेव्हाही कळलं नाही. आजही कळत नाही."

एका फाट्यावर गाडी थांबली. ती उठली, उतरणाऱ्यांना उतरवलं, चढणाऱ्यांना आत घेतलं, घंटीची दोरी ओढली. तिकिटं दिली. माझ्याकडे न बघता पुढच्या दारापर्यंत गेली, परत आली. मी खिडकीबाहेर बघत होते. आता ती येणार नाही असं वाटलं. पण ती आली, बसली मात्र नाही. सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली.

"मला सांगितलं असतं तरी मी मैदानात उतरलेच असते," ती म्हणाली. "पैशाचं आमी बघितलं असतं. गावात घरटी पट्टी काढली असती. माझ्या बानं दोन मेंढ्या इकल्या असत्या. आमाला कुणी इचारलंच न्हाई."

"नाही विचारलं."

"बरं. माझं सोडा. माझा पाय वाचला का पोलिसची नोकरी गेली, ते मलाबी कळायचं न्हाई आता." ती वाकली, कारण गाडीचा आवाज वाढला होता. "सुवर्णा भेटली कधी तुमाला?"

"सुवर्णा ऐवळे? नाही. त्या वर्षानंतर नाही."

"तिनं कालेज सोडलं, ठावं हाय?"

मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, लग्न झालं असेल.

"फायनलनंतर म्हैन्याभरात. सरावालाबी आली न्हाई कधी. मी घरी गेले हुते आणायला. म्हणाली, बारा सेकंद माझ्यानं पळवलं न्हाई, तुझी नोकरी घालवली मी, कुठल्या तोंडानं येऊ? अजून म्हणती. पंधरा वर्सं झाली, मी भेटले की अजून म्हणती. तिची पोरगी खेळायला जाते म्हणली तर हिनं जाऊ दिलं न्हाई."

पंधरा वर्षं मी त्या दिवसाचा विचार करत होते. त्यात प्राचार्य होते, सारिका होती, तिचा घोटा होता, मी होते. सुवर्णा कुठंच नव्हती. मातीत बसली होती तेवढीच आठवत होती.

"तिला काय सांगू?" मी म्हणाले. "मला स्वतःलाच नक्की माहीत नाही."

"तेच सांगा की. न्हाई म्हाईत म्हणून सांगा. पर छत्तीस हजाराचं सांगा. आर्ज सांगा. तिला वाटतंय सगळं तिच्या पायानं झालं." सारिकानं खिडकीतून पुढं बघितलं. "वाघजाई फाटा ईल आता. तिचं घर रस्त्यालाच हाय, पिठाची गिरणी हाय त्यांची. उतरता का?"

"माझी स्पर्धा आहे. साडेअकराला पहिला सामना."

"मागनं दीडची गाडी हाय," ती म्हणाली. त्यात आग्रह नव्हता. कुठल्याही प्रवाशाला सांगावं तसं सांगितलं, आणि हात वर करून घंटीच्या दोरीवर ठेवला. माझ्याकडे बघत राहिली.

मी बॅग उचलली. तिनं घंटी मारली.

गाडी धूळ उडवत निघून गेली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं. पलीकडे पत्र्याची गिरणी होती, आत पट्टा फिरत होता. दारात एक बाई डबा वजनकाट्यावर ठेवत होती. केसांना पीठ लागलेलं, बुटकी. तिनं वर बघितलं. क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं, आणि तिनं डबा तसाच सोडून पदर सावरला.

"मॅडम? तुमी?" आणि मी उंबऱ्यापाशी पोचायच्या आत, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी माझा पाय घसरला वो..."

"सुवर्णा," मी म्हणाले, "ती गिरणी जरा बंद कर. तुला काही सांगायचंय."

तिनं हात लांब करून बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग मी बोलायला सुरुवात केली.